आगो आणि आमे : ब्रुकलिनच्या डान्सआफ्रिका महोत्सवाचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ‘ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक’ या संस्थेचे ऑपेरागृह १९०८ सालचे आहे. सुमारे २१०० आसनांचे, युरोपीय थाटाचे हे नाट्यगृह संगीतिका आणि सिंफनी ऐकण्यासाठी बांधलेले. आत शिरणाऱ्याने आवाज खाली आणावा, दिवे मंद झाले की गप्प बसावे आणि शेवटी टाळ्या वाजवाव्यात, ही त्या वास्तूची शिस्त. मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डे या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीत, ही शिस्त तीन-चार दिवसांपुरती मोडली जाते. रंगमंचावरून ‘आगो!’ अशी हाक येते आणि सगळे प्रेक्षागृह ‘आमे!’ असे उत्तर देते. उत्तर मिळमिळीत वाटले तर हाक पुन्हा दिली जाते.

हे शब्द घानातील अकान लोकांच्या भाषेतले आहेत. परक्याच्या दारात उभे राहून ‘घरात कोण आहे का?’ असे आपण विचारतो, तसा ‘आगो’ हा शब्द. आणि ‘या, आमचे लक्ष आहे’ असे सांगणारा ‘आमे’. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सूत्रधाराने प्रेक्षकांची परवानगी मागावी आणि त्यांनी ती मोठ्याने द्यावी, एवढाच हा प्रकार आहे. परंतु ज्याने एकदा तोंडाने होकार दिला त्याला पुढे निव्वळ बघ्याची भूमिका घेता येत नाही. १९७७ पासून चालत आलेल्या डान्सआफ्रिका या महोत्सवाचा अभ्यास करताना मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. आफ्रिकी आणि आफ्रिकेबाहेर गेलेल्या समाजांच्या नृत्यांचा अमेरिकेतील हा सर्वांत मोठा महोत्सव मानला जातो. तो जवळजवळ अर्धशतक कसा टिकला, या प्रश्नाचे उत्तर नर्तकांच्या कौशल्यात जेवढे आहे त्याहून अधिक नृत्याभोवती उभारलेल्या व्यवस्थेत आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१९७७ चे ब्रुकलिन

त्या काळातील न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतेच मागे फिरले होते. १९७५ च्या आर्थिक संकटाने नगरपालिकेच्या सेवा आखडल्या होत्या आणि १९७७ च्या जुलै महिन्यात वीज गेली त्या रात्री शहराने लूटमार पाहिली. ब्रुकलिनमधील गोरा मध्यमवर्ग उपनगरांकडे निघून चालला होता आणि अकॅडमीच्या आसपासच्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. हार्वी लिक्टनस्टाइन यांनी १९६७ मध्ये संस्थेची सूत्रे हाती घेतली तेव्हापासून त्यांच्यासमोर एक अडचणीचा प्रश्न होता : ज्या वस्तीत आपली इमारत उभी आहे त्या वस्तीचा या इमारतीशी संबंध काय? युरोपातून आणि मॅनहॅटनमधून कलावंत आणता येत होते, पण समोरच्या गल्लीतील कुटुंबाला तिकीट काढावेसे वाटेल असे त्यात फारसे काही नव्हते.

या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे चक डेव्हिस. १९३७ च्या १ जानेवारीला नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे जन्मलेले डेव्हिस नौदलातील नोकरीनंतर हॉवर्ड विद्यापीठात शिकले. पुढे न्यूयॉर्कमध्ये नायजेरियन ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी यांच्या चमूत ते नाचले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःची नृत्यसंस्था काढली. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, अंगात बुबू हा पायघोळ रंगीत पश्चिम आफ्रिकी झगा आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, असे हे व्यक्तिमत्त्व होते. लोक त्यांना ‘बाबा चक’ म्हणत. पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांत ‘बाबा’ म्हणजे वडील. मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पहिल्या महोत्सवाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. डेव्हिस यांनी स्वतःच्या संस्थेपुरता कार्यक्रम न करता आणखी चार संस्थांना सोबत घेतले : चार्ल्स मूर यांची ‘डान्सेस अँड ड्रम्स ऑफ आफ्रिका’, डिनिझुलू यांचा नर्तक, वादक आणि गायकांचा ताफा, ‘इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन बॅले’ आणि फिलाडेल्फियाहून आलेली आर्थर हॉल यांची संस्था. म्हणजे पहिल्या वर्षी मंचावर होत्या त्या अमेरिकेत राहून आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या संस्था. या सगळ्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. तेच तुटपुंजे अनुदान, त्याच शाळांतील प्रयोग आणि तेच ढोलवादक त्यांच्यात वाटले जात. त्यांना एका मंचावर आणणे हे नृत्यदिग्दर्शनापेक्षा कठीण काम असणार, हे नाट्यसंस्था किंवा गणेशोत्सव मंडळ चालवलेल्या कोणालाही कळेल.

ढोल नसताना उरलेले नृत्य

हे लोक नेमके काय शोधत होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. बंडखोर ढोल वाजवीत चालले होते आणि त्या आवाजाने आणखी माणसे गोळा होत गेली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी केली. ढोल गेला, पण ताल शरीरात शिल्लक राहिला. मांड्या, छाती आणि तळहात यांवर थापा देत ताल धरण्याचा ‘जुबा’ नावाचा प्रकार मळ्यांवर रुळला. चर्चच्या छायेत ‘रिंग शाउट’ टिकला : घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरणारे वर्तुळ, टाळ्या, एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे गाणे, आणि जमिनीवरून घासत पुढे सरकणारी पावले. पावलावर पाऊल आडवे पडू द्यायचे नाही हा नियम कटाक्षाने पाळला जाई, कारण पाय ओलांडला की ते नृत्य ठरे आणि नृत्य पाप मानले जाई. नाच वाचवण्यासाठी नाच नसल्याचे सिद्ध करत राहायचे, अशी ही विलक्षण तडजोड होती.

विसाव्या शतकात ढोल परत आला तो बाहेरून. सिएरा लिओनचे असादाता दाफोरा यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘किकुंकोर’ हे नृत्यनाट्य सादर केले. कॅथरिन डनहॅम आणि पर्ल प्रायमस या अमेरिकेतील कृष्णवर्णीय नर्तकींनी मानववंशशास्त्राची जोड देऊन कॅरिबियन आणि आफ्रिकी नृत्ये अभ्यासली. फोदेबा केइता यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस पॅरिसमध्ये उभी केलेली ‘ले बॅले आफ्रिकेन’ ही संस्था १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर त्या देशाचे राष्ट्रीय नृत्यपथक बनली आणि जगभर फिरली. गिनीचे लाजी कामारा न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले आणि त्यांच्याकडून अमेरिकेतील एका पिढीने जेंबे हा ढोल हाताने वाजवायला शिकून घेतला.

एक गोष्ट येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण महोत्सवाच्या प्रशंसकांकडून ती अनेकदा सुटते. ब्रुकलिनच्या मंचावर ‘परंपरागत’ म्हणून येणारे पश्चिम आफ्रिकी नृत्य बहुतेक वेळा गावाच्या मैदानातून थेट उचललेले नसते. मधल्या टप्प्यावर ते गिनी, सेनेगल, माली या नव्या राष्ट्रांच्या पथकांच्या हातून गेलेले असते. गावात नृत्य वर्तुळात चालते. कोणीही मध्ये उतरावे, चार पावले टाकावीत आणि मागे व्हावे. रात्रभर चालणारा हा प्रकार दहा मिनिटांत बसवायचा, सर्वांची तोंडे प्रेक्षकांकडे करायची, एकट्याने सुचेल तसे टाकलेले पाऊल वीस जणांकडून एकसारखे करून घ्यायचे, हे काम राष्ट्रीय पथकांनी केले. वर्तुळाची रांग झाली. लावणी फडातून चित्रपटात आली तेव्हा जे घडले त्याच्याशी याचे साधर्म्य आहे. डेव्हिस यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ते वर्षानुवर्षे आफ्रिकेत जाऊन शिकत होते आणि इतरांनाही सोबत नेत होते. माझ्या वाचनाप्रमाणे, मंचावरची रांग त्यांनी मान्य केली आणि हरवलेले वर्तुळ मंचाबाहेर पुन्हा आखायचे ठरवले.

मंचाबाहेरचे वर्तुळ

या वर्तुळाचा पहिला घटक म्हणजे ज्येष्ठांचे मंडळ. ब्रुकलिन आणि परिसरातील समाजात मान असलेले वयस्क स्त्री-पुरुष त्यात असतात आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते मिरवणुकीने येतात. त्यांना मंचावर बसवणे ही शोभेची बाब नाही. नृत्य सुरू होण्याआधी जमिनीवर जल सोडून पूर्वजांचे स्मरण केले जाते. आपल्याकडील तर्पणाची आठवण व्हावी असा हा विधी आहे. त्या विधीला अधिकार हवा, आणि तो अधिकार नृत्यदिग्दर्शकाकडे किंवा संस्थेच्या अध्यक्षाकडे नसून वयाकडे आहे, हे या मांडणीतून सांगितले जाते. इमारतीत दिवंगतांच्या स्मरणासाठी एक स्वतंत्र खोलीही राखली जाते. ज्या लोकांना आपल्या खापरपणजोबांचे नाव किंवा गाव सांगता येत नाही, कारण जहाजाच्या वहीत त्यांची नोंद नगाप्रमाणे झाली होती, त्यांच्यासाठी ‘पूर्वज’ या सामूहिक शब्दाला जो भार आहे तो कुलवृत्तांत छापून ठेवणाऱ्या समाजाला चटकन उमजणार नाही.

पूर्वजस्मरणाचा एक कार्यक्रम अलीकडच्या वर्षांत वीक्सव्हिल येथेही होत आला आहे. न्यूयॉर्क राज्यात १८२७ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८३८ मध्ये जेम्स वीक्स नावाच्या मुक्त कृष्णवर्णीय माणसाने ब्रुकलिनमध्ये जमीन विकत घेतली. त्यातून त्याच्या नावाची वसाहत उभी राहिली. तिथली काही जुनी लाकडी घरे अजून जपलेली आहेत. महोत्सवाचा धागा या अंगणाला बांधल्यामुळे ‘आफ्रिका’ हा शब्द सात समुद्रांपलीकडे तरंगत न राहता ब्रुकलिनच्याच सातबाऱ्यावर येतो, असे म्हटले तर ते फार वावगे ठरू नये.

दुसरा घटक मुलांचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. अकॅडमीपासून जवळच्या बेडफर्ड-स्टाइव्हेसंट वस्तीत १९६७ मध्ये एक विकास संस्था स्थापन झाली. तिच्या कलाविभागाबरोबर १९९० च्या दशकापासून एक बालयुवा नृत्यपथक चालवले जाते. ही मुले वर्षभर सराव करतात. ज्या देशाचे पथक त्या वर्षी येणार असेल तिथली नृत्ये शिकतात आणि पाहुणे आले की त्यांच्याबरोबर एकाच मंचावर उभी राहतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलीला तालमीत चुकलेल्या पावलाबद्दल तिच्या बाई टोकतात. या मुलीला दुसऱ्या खंडातून आलेला, तेच नृत्य घरी शिकलेला नर्तक टोकतो. ज्याच्या घरचे ते नृत्य आहे त्याच्या डोळ्यांसमोर ते करून दाखवण्याची ही जबाबदारी दहा-बारा वर्षांच्या वयात अंगावर पडते. प्रेक्षागृहात तिचे आईवडील, आजी, शेजारी आणि चर्चमधली माणसे बसलेली असतात. तिकिटे कोण घेतो या लिक्टनस्टाइन यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते : जाहिरातींवर केलेल्या खर्चापेक्षा मंचावरच्या प्रत्येक मुलामागे उभे असलेले कुटुंब अधिक परिणामकारक ठरते.

तिसरा घटक बाजार. नाट्यगृहाभोवतालच्या रस्त्यांवर दीडशेहून अधिक दुकाने लागतात. कापड, लाकडी मुखवटे, शिआ लोणी, मण्यांचे दागिने, जमैकन जर्क चिकन, सेनेगली भात, तळलेली कच्ची केळी. तिकीट न परवडणाऱ्याला या बाजारात येण्यास कोणी अडवत नाही, आणि अनेकांच्या लेखी महोत्सव म्हणजे हा बाजारच. जत्रेत देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत सगळेच जात नाहीत, पण जत्रेला मात्र सगळे जातात. विक्रेते वर्षानुवर्षे तेच असल्याने गाठीभेटीही त्याच ठिकाणी होतात.

या तिन्ही घटकांचे एक समान लक्षण आहे : त्यांपैकी कोणताही कलादिग्दर्शकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. एखाद्या वर्षी मुख्य प्रयोग फसला तरी ज्येष्ठांची मिरवणूक निघेल, मुलांचा सराव चालू राहील आणि जर्क चिकनचा धूर रस्त्यावर दिसेल.

ढोलाचा इशारा

मंचावर प्रत्यक्ष काय घडते, याचे एक उदाहरण जवळून पाहणे उपयोगाचे ठरेल. मांदे प्रदेशातील, म्हणजे माली-गिनीच्या पट्ट्यातील, नृत्ये या महोत्सवात पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर दिसत आली आहेत. वादकांच्या रांगेत आडवे ठेवून काठीने वाजवायचे तीन डुनडुन असतात : सर्वांत लहान केंकेनी, मधला सांगबान आणि सर्वांत मोठा डुनडुंबा. या तिघांच्या गुंतणीतून धून तयार होते. त्यांच्यावर साथीचे जेंबे एकसारखा ठेका धरून असतात, आणि त्या सगळ्यांवर मुख्य जेंबेवादक बोलत असतो. बोलणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. नर्तकांची ओळ एक चाल करत असते; मुख्य वादक मध्येच ठरावीक थापांचा तुकडा वाजवतो, त्याला इथले शिकवणारे ‘ब्रेक’ म्हणतात, आणि तो तुकडा संपतो त्याच क्षणी सगळी ओळ पुढच्या चालीत शिरते. मोजून आठ मात्रांनी चाल बदलायची असे काही नाही. वादक नर्तकांचे पाय पाहतो, त्यांना अजून जोर आहे का ते जोखतो आणि त्यानुसार इशारा लांबवतो किंवा लवकर देतो. नर्तकाचा कान ढोलावर नसेल तर तो एकटाच जुन्या चालीत राहतो आणि सगळ्यांना दिसतो.

एकल नृत्याच्या वेळी हे नाते उलटते. नर्तकी ओळीतून पुढे येते, ढोलासमोर उभी राहते, आणि आता वादकाने तिच्या पायांचा पाठलाग करायचा असतो. तिने हवेत घेतलेल्या उडीच्या टोकाला थाप पडली पाहिजे. आपल्याकडे तबलजी आणि कथक नर्तकी यांच्यात चालणाऱ्या सवालजवाबात ज्यांनी वेळ घालवला आहे त्यांना या चढाओढीची गंमत सांगायला नको. फरक एवढाच की इथे सम ठरलेली नसते, ती जागेवर ठरते. अशा वेळी प्रेक्षागृह गप्प बसत नाही. लोक उभे राहतात, मधल्या वाटेत उतरून नाचतात, नर्तकीला नावाने हाक मारतात. ऑपेरागृहाच्या बांधणीने काढून टाकलेले वर्तुळ एवढ्या वेळापुरते परत येते.

आक्षेप

महोत्सवाबाबतचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच्या नावाविषयीच आहे. आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे. त्यातील नृत्यांना एका शब्दाखाली आणणे म्हणजे भांगडा आणि मोहिनीआट्टम यांना ‘आशियाई नृत्य’ म्हणण्यासारखे आहे. महोत्सवाने दरवर्षी एकेका देशाला किंवा प्रदेशाला केंद्रस्थानी ठेवण्याची पद्धत स्वीकारून या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर दिले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिका होती आणि २०१९ मध्ये रवांडा, तेथील नरसंहाराला २५ वर्षे झाली त्या वर्षी. ब्राझील, क्युबा आणि हैती यांनाही स्थान मिळाल्याने आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या लोकांनी नव्या भूमीत काय घडवले, हेही समोर आले. तरीही स्थानिक संस्थांच्या सादरीकरणात जेंबे आणि मांदे नृत्यांचे वर्चस्व राहिले, आणि पूर्व किंवा मध्य आफ्रिकेतील परंपरा पाहुण्यांसोबत येऊन पाहुण्यांसोबतच परत गेल्या. याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधण्यापेक्षा शिक्षकांच्या स्थलांतरात शोधावे. न्यूयॉर्कमध्ये येऊन वर्ग चालवणारे वादक आणि नर्तक गिनी, सेनेगल आणि माली येथून आले. शिकवणारा जिथला असतो तिथलीच परंपरा रुजते.

दुसरा आक्षेप वस्तीच्या बदलाचा आहे. फोर्ट ग्रीन आणि बेडफर्ड-स्टाइव्हेसंट येथील घरभाडी गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने वाढली, २०१२ मध्ये अकॅडमीपासून थोड्या अंतरावर बार्कलेज सेंटर हे भव्य क्रीडागृह सुरू झाले, आणि ज्या कुटुंबांसाठी हा महोत्सव आखला होता त्यांतील अनेकांना तिथून निघावे लागले. सांस्कृतिक केंद्रांमुळे परिसराला प्रतिष्ठा येते आणि प्रतिष्ठेमुळे भाडी वाढतात, या साखळीत अकॅडमी स्वतः एक कडी आहे, हे नाकारता येत नाही. महोत्सवाने हा प्रश्न निर्माण केला असे कोणी म्हणणार नाही. पण वस्तीचा महोत्सव हळूहळू वस्ती सोडून गेलेल्यांच्या वार्षिक भेटीचा महोत्सव होत चालला आहे, ही भावना निराधार नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो, कारण आफ्रिकेबाहेर गेलेल्या नृत्याचा हा प्रश्न आपल्याही किनाऱ्याला लागून आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा इतिहास मराठी वाचकाला माहीत असतो, पण तो किल्ला, आरमार आणि शिवकाल यांपुरता. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूर येथे बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी लोक ‘धमाल’ नावाचे नृत्य करतात. त्यात मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल असतो आणि मलुंगा हे धनुष्याच्या आकाराचे तंतुवाद्य. ब्राझीलच्या कपोएरा या नृत्यासारख्या युद्धकलेत वाजणाऱ्या बेरिम्बाउचे ते दूरचे भावंड म्हणावे इतके दोघांचे रूप जुळते. गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून उत्तर कन्नडच्या जंगलात स्थिरावलेले सिद्दी आजही कोकणी-मराठीच्या मिश्रणाची बोली बोलतात आणि दमाम या ढोलाच्या तालावर नाचतात. गुजरातच्या सिद्दींना महोत्सवांत आणि पर्यटन मेळ्यांत बोलावले जाते तेव्हा मात्र मागणी असते ती हवेत नारळ फेकून डोक्यावर फोडण्याच्या प्रसंगाची. दर्ग्यासमोर जे नवसाचे आणि पिराच्या स्मरणाचे अंग असते ते गळते आणि कसरत उरते. असे होण्यात नर्तकांचा दोष नाही. त्या मंचावर त्यांचे ज्येष्ठ नसतात, कोणी परवानगी मागत नाही, आणि समोर त्यांची मुले व शेजारी बसलेले नसतात. ब्रुकलिनच्या व्यवस्थेचे महत्त्व मला या तुलनेनंतर अधिक स्पष्ट झाले.

वारसा आणि कसोटी

एका माणसाच्या आवाजावर उभा राहिलेला महोत्सव त्या माणसानंतर टिकेल का, हा प्रश्न अनेक वर्षे टाळता आला. डेव्हिस यांनी १९८० च्या दशकात आपला मुक्काम नॉर्थ कॅरोलिनातील डरॅम येथे हलवून १९८३ मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन डान्स एन्सेम्बल’ स्थापन केले, तरी मे महिन्यात ते ब्रुकलिनला येत राहिले. वॉशिंग्टन आणि शिकागो येथेही याच नावाचे महोत्सव सुरू झाले. अखेर सूत्रे अब्देल सलाम यांच्याकडे सोपवण्यात आली आणि २०१६ चा महोत्सव त्यांच्या दिग्दर्शनाखाली पार पडला. सलाम हे बाहेरून आणलेले व्यवस्थापक नव्हते. १९८१ मध्ये सहसंस्थापक म्हणून ‘फोर्सेस ऑफ नेचर’ ही नृत्यसंस्था उभी करणारे, याच वर्तुळातले कलावंत होते. आधुनिक नृत्य आणि हिप-हॉप यांना परंपरेच्या शेजारी बसवण्याकडे त्यांचा कल अधिक आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकणे स्वाभाविक होते, परंतु ढोलबंदीच्या काळात जुबाच्या थापांतून जो ताल वाचला त्याचाच एक वंशज हिप-हॉप आहे, हे ध्यानात घेतले की आक्षेपाची धार बोथट होते.

डेव्हिस यांचे निधन १४ मे २०१७ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी झाले. महोत्सवाच्या चाळिसाव्या वर्षाचा पडदा उघडायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. पूर्वजांचे स्मरण हा ज्या कार्यक्रमाचा पहिला विधी, त्या कार्यक्रमाला संस्थापकाचे जाणे कसे हाताळावे हे नव्याने शोधावे लागले नाही. चाळीस वर्षे ज्यांनी पूर्वजांची नावे घेतली त्यांचे नाव आता त्या नावांत आले. ‘शांती, प्रेम आणि सर्वांबद्दल आदर’ हे त्यांचे नेहमीचे घोषवाक्य होते. कागदावर ते भाबडे वाटते. दोन हजार माणसांकडून ते मोठ्याने म्हणवून घेण्याची त्यांची हातोटी मात्र भाबडी नव्हती.

त्यानंतरची कसोटी महासाथीची. २०२० आणि २०२१ मध्ये महोत्सव पडद्यावर गेला आणि हैतीला वाहिलेला २०२१ चा कार्यक्रम लोकांनी घरी बसून पाहिला. या लेखात ज्यांना मंचाबाहेरचे वर्तुळ म्हटले आहे त्यांपैकी बाजार भरवणे अशक्यच होते, आणि पडद्यासमोर एकट्याने दिलेले ‘आमे’ हाक देणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. २०२२ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडले तेव्हा परदेशी पथकाची वाट न पाहता घरच्याच संस्थांना बोलावण्यात आले आणि त्या वर्षाचे सूत्रही ‘होमग्रोन’, म्हणजे घरच्या मातीत वाढलेले, असे ठेवले गेले. प्रवासावरील निर्बंधांमुळे ओढवलेली ही निकड असेलही, पण त्या निमित्ताने १९७७ चीच रचना पुन्हा मांडली गेली : शेजारच्या संस्था, एक मंच, आणि समोर त्यांची माणसे.

परदेशी पाहुणे पुन्हा आले ते २०२३ मध्ये, आणि त्या वर्षी मान होता घानाचा. ‘आगो’ हा शब्द जिथून उसना घेतला त्या अकान लोकांचा तो देश. ज्यांच्या अंगणात शिरण्यासाठी ब्रुकलिनने ४६ वर्षे परवानगी मागितली होती, तेच आता ब्रुकलिनच्या दारात आले होते, आणि ‘आमे’ म्हणण्याची पाळी घरच्यांची होती.